'मुलंच नाहीत, तर रात्रशाळा कशाला?' असं विचारणाऱ्यांना

मागच्या महिन्यात मुंबईतल्या एका रात्रशाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही वस्त्यांमध्ये फिरता. आठवी-नववीला पंधरा-वीस मुलं मिळवून द्या. नाहीतर पुढच्या संचमान्यतेत आमची एक तुकडी जाईल." आवाजात विनंती होती आणि थोडी लाजही होती. मुख्याध्यापकाने सामाजिक कार्यकर्तीला फोन करून मुलं मागावीत, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं.

त्यानंतर एका बैठकीत शिक्षण खात्यातले एक अधिकारी सहज बोलून गेले, "मुलंच नाहीत, तर रात्रशाळा कशाला?" खोलीत आम्ही दहा-बारा जण होतो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. घरी येताना लोकलमध्ये स्वतःचाच राग आला. माझे वडील याच शहरातल्या रात्रशाळेत मॅट्रिक झाले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले, दिवसा कँटीनमध्ये कपबशा धुतल्या आणि रात्री वर्गात बसले. त्या मॅट्रिकवर पुढची नोकरी लागली, त्या नोकरीवर आम्ही भावंडं शिकलो आणि मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. अशा घरातली मुलगी त्या प्रश्नावर गप्प बसली. म्हणून त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर आज इथे लिहिते आहे.

ज्यांचा रात्रशाळेशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रात्रशाळा म्हणजे शिकवणी नव्हे आणि प्रौढ साक्षरता वर्गही नव्हे. ती शासनमान्य माध्यमिक शाळा असते. साधारण आठवी ते दहावीचे वर्ग, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होऊन साडेनऊपर्यंत चालतात. इमारत बहुतेक वेळा दिवसाच्या शाळेची, म्हणजे उसनी. दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय रात्री कुलूपबंद असतं. पुस्तकं मात्र तीच आणि दहावीच्या बोर्डाची परीक्षाही तीच. दिवसाच्या मुलाला जेवढा वेळ मिळतो त्याच्या जवळपास निम्म्या वेळात, दिवसभर राबून आलेल्या मुलाने तोच अभ्यासक्रम पुरा करायचा.

पटावर कोण आहे?

खात्याला पट म्हणजे फक्त एक संख्या वाटते. पण हजेरीपट उघडून नीट वाचला, तर तो या शहराचा सामाजिक नकाशा असतो. आडनावं वाचा, जन्मतारखा वाचा, पत्ते वाचा.

मी त्या शाळेत दोन संध्याकाळी बसले. नववीच्या वर्गात एका बाकावर सोळा वर्षांचा मुलगा होता, तो वडापावच्या गाडीवर काम करतो. शेजारी एक बावीस वर्षांचा, सोसायटीत वॉचमन. त्याची रात्रपाळी दहाला सुरू होते, म्हणजे शाळा सुटली की थेट कामावर. मुलींच्या रांगेत दोघी घरकाम करणाऱ्या. मागच्या बाकावर तिशी ओलांडलेल्या एक ताई होत्या. सातवीत असताना लग्न लागलं होतं आणि आता मुलगा दिवसाच्या शाळेत आठवीत आहे. त्या म्हणाल्या, "त्याच्या वहीवर सही करायची तर मला कळायला नको का त्यात काय लिहिलंय?" पटावर जेवढी नावं होती, त्यांच्या निम्मेही त्या दिवशी हजर नव्हते. कुणाची पाळी बदलली होती, कुणाच्या मालकाने सोडलं नव्हतं.

आता पटावरचे रकाने पाहा. नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आईचं नाव, पत्ता. काम काय करतो, याला रकाना नाही. रात्रशाळा ज्या एका गोष्टीमुळे अस्तित्वात आहे, तीच गोष्ट तिच्या पटावर नोंदवली जात नाही. मूल किती तास राबतं, किती वाजता सुटतं, मालक कोण, हे कुठेच येत नाही. मग ते वर्गात आलं नाही की नोंद होते ती फक्त 'गैरहजर' अशी.

जातीचा रकाना तर आणखी फसवा आहे. एका मुलाच्या जुन्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा कायद्याने मान्य आहे, तरीही 'बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल' ही भीती वस्तीत अजून जिवंत आहे. दुसरा मुलगा उत्तर प्रदेशातून आलेला. त्याची जात तिकडे अनुसूचित आहे. इथे त्याच्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा नाही, म्हणून राज्याच्या सवलती नाहीत. पटावर तो 'खुला'. खुल्या प्रवर्गातला म्हणून मोजलेला हा मुलगा गटार साफ करणाऱ्या ठेकेदाराकडे मजुरी करतो. असा पट बेरीज करून वर गेला की अहवालात लिहिलं जाणार, 'रात्रशाळेत सर्व प्रवर्गांचे विद्यार्थी आहेत.'

या पटाला इतिहासही आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेली, खाणावळीत जेवणारी पोरं रात्रशाळेत बसायची. उडुपी हॉटेलांतल्या पोरांसाठी या शहरात कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा चालत होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं शहर संपलं आणि पटावरचे चेहरे बदलले. जी जात, जो जिल्हा, जो धर्म या शहराच्या सर्वांत तळाच्या कामाला लागतो, तो दहा-वीस वर्षांत रात्रशाळेच्या पटावर दिसतो. हे समजून घ्यायला एम.ए. लागत नाही. दोन संध्याकाळी मागच्या बाकावर बसलं तरी पुरे.

बाबासाहेबांनी पट कसा वाचला

आपण बाबासाहेबांचं नाव घेतो, पण ते आकडे कसे वाचायचे हे शिकत नाही. मार्च १९२७ मध्ये, महाडच्या परिषदेच्या आठवडाभर आधी, ते मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. त्या भाषणात त्यांनी सरकारच्याच अहवालातले आकडे सरकारसमोर मांडले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागास वर्गाचे १८. माध्यमिक शाळेत दर लाखामागे पुढारलेल्यांचे ३,०००, मुसलमानांचे ५००, मधल्या वर्गाचे १४० आणि मागासांचे फक्त १४. महाविद्यालयात मागासांचं अस्तित्व जवळजवळ शून्य.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्राथमिक शाळेत वरच्या आणि खालच्या टोकातलं अंतर साधारण साडेसहा पट होतं. माध्यमिक शाळेच्या दारात तेच अंतर दोनशेपटींहून जास्त झालं. पहिलीत नाव घालणं एक आणि हायस्कुलात टिकणं दुसरं. त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखवलं की शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात.

त्या काळातही कुणीतरी म्हणू शकलं असतं की अस्पृश्यांची मुलंच येत नाहीत, मग हायस्कूल कुणासाठी काढायचं? बाबासाहेबांनी तोच आकडा उलट्या बाजूने वाचला. लाखात चौदा, म्हणजे चौदांनाच शिकायचं आहे असं नाही. उरलेल्यांना कुणीतरी, कुठेतरी, कशानेतरी थांबवलं आहे. कमी पट हा त्यांच्यासाठी गरज नसल्याचा पुरावा नव्हता, अन्यायाचा पुरावा होता.

आजचं चित्र वेगळं आहे, हे मान्य. पण वळण तेच आहे. केंद्राच्या 'यूडायस प्लस'च्या २०२३-२४ च्या अहवालात देशातलं गळतीचं प्रमाण प्राथमिक स्तरावर १.९ टक्के, उच्च प्राथमिकला ५.२ टक्के आणि माध्यमिकला १४.१ टक्के आहे. शंभर वर्षांनंतरही पोरं गळतात ती हायस्कुलाच्या उंबऱ्यावरच. आणि त्या उंबऱ्याशी, रात्री दिवा लावून बसलेली शाळा आपण बंद करायला निघालो आहोत.

चौदाव्या वर्षी काय होतं?

संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर चर्चा होती. हे कलम फक्त प्राथमिक शिक्षणापुरतं असावं, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचं नाही, असं आपण दुसऱ्या एका कलमात म्हटलं आहे. मग त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असलं पाहिजे. कामावर बंदी आणि शाळेची हमी, या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना बांधल्या.

पुढे काय झालं? २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला. १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. तो आठवीपर्यंत. नववीपासून हक्क नाही. दुसरीकडे २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक उद्योग सोडून बाकी कामं करायची मुभा उरली. म्हणजे चौदा वर्षं पूर्ण झाली की राज्य मुलाला सांगतं, 'तू आता काम करू शकतोस', पण 'तू आता शिकू शकतोस' हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही. बाबासाहेबांनी बांधलेल्या दोन गोष्टी चौदाव्या वर्षी सुटतात. एक दार उघडतं आणि दुसरं बंद होतं.

बिल्डरच्या मुलाच्या आयुष्यात हे चौदावं वर्ष कधी येतच नाही. ते येतं नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या मुलाच्या आयुष्यात. रात्रशाळा नेमकी या जागी उभी आहे. कामाला लागलेल्या मुलाला शिक्षण देणारी जी एकमेव नियमित शाळा व्यवस्थेत आहे, ती ही. म्हणून तिचा पट दिवसाच्या शाळेच्या मापाने मोजणं हा हिशोबच चुकीचा आहे.

पट घटतो, की घटवला जातो?

महाराष्ट्राला पटाचं वेड नवीन नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखो मुलं फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. अनुदानासाठी खोटी नावं लिहिणाऱ्या संस्थाचालकांना शिक्षा व्हायला हवीच होती. पण त्यानंतर खात्याच्या मनात एक समीकरण बसलं की कमी पट म्हणजे संशय. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून जास्त शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळांच्या जागी समूह शाळांची योजना पुढे आली. त्या शाळा बहुतेक कुठे होत्या? पाड्यावर, तांड्यावर, वाडीवर. ज्यांचं संख्याबळ कमी, त्यांचीच शाळा कमी, असा हा न्याय.

रात्रशाळेला तर आणखी दोन फटके बसले. १७ मे २०१७ च्या शासन निर्णयाने, दिवसा एका शाळेत नोकरी करून रात्री शिकवणाऱ्या 'दुबार' शिक्षकांना रात्रशाळेतून काढलं आणि त्यांच्या जागी अतिरिक्त ठरलेले शिक्षक आणायचं ठरलं. एका माणसाने दोन नोकऱ्या करू नयेत, या तत्त्वाशी माझं भांडण नाही. बेरोजगार शिक्षकांत आपलीच मुलं जास्त आहेत, हेही मला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षं रात्रीच्या मुलांची नस ओळखणारे शिक्षक एका फटक्यात गेले आणि नवीन माणूस येईपर्यंत वर्ग रिकामा राहिला, त्याची किंमत त्या वॉचमनने आणि त्या ताईंनी मोजली. कामावरून धावत येऊन दोन दिवस शिक्षक नाही असं दिसलं, की तिसऱ्या दिवशी मुलगा येत नाही. तो काही तक्रार अर्ज करत नाही. तो फक्त पटावरून कमी होतो.

दुसरा फटका आधारचा. संचमान्यतेत आता आधार जुळलेला विद्यार्थीच धरतात. दिवसाच्या शाळेत आईवडील चार फेऱ्या मारून नाव दुरुस्त करून घेतात. रात्रीच्या मुलाने कामाचा एक दिवस बुडवला तर त्या दिवसाची मजुरी जाते. गावाकडच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जन्मतारीख तिसरीच. कुणाचा शाळा सोडल्याचा दाखलाच झोपडी तुटली तेव्हा गेला. मूल बाकावर बसलेलं असतं, वही उघडलेली असते, तरी सरकारच्या हिशोबात ते नसतं. मग तुकडी जाते, तुकडीबरोबर शिक्षक जातो, शिक्षकाबरोबर आणखी मुलं जातात. आणि शेवटी साहेब विचारतात, 'मुलंच नाहीत, तर रात्रशाळा कशाला?'

साहेब, मुलं आहेत. तुमच्या कार्यालयाखाली चहा घेऊन येतो तो कोण आहे?

आपल्याच लोकांचे आक्षेप

सरकारशी भांडणं सोपं असतं. आता आपल्या कार्यकर्त्यांशी बोलते.

पहिला आक्षेप मला आदर वाटणाऱ्या सहकाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, रात्रशाळा मागणं म्हणजे बालमजुरीला मान्यता देणं. मुलाने दिवसा शिकलं पाहिजे, तीच आपली मागणी हवी. तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. चौदा ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाला दिवसाची शाळा आणि त्याच्या घराला जगण्याची हमी, हीच अंतिम मागणी. पण ती पुरी होईपर्यंत आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा कुठे जाणार? आणि जी तिशीतली ताई आहे, तिचं बालपण तर परत येणार नाही. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, ती मजुरीचं समर्थन म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. त्यांच्या सोसायटीने रात्रशाळाही चालवली. कामगार मुलाला 'आधी काम सोड, मग ये' असं त्यांनी सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप असा की आता १७ नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे, मोबाईलवर व्हिडिओ आहेत, मग रात्रशाळेचा आग्रह कशाला? मी दरवर्षी काही मुलांचे १७ नंबरचे फॉर्म भरून देते, म्हणून अनुभवाने सांगते. तो फॉर्म परीक्षेला बसायची परवानगी देतो, शिकवत नाही. ज्याच्या घरात टेबल नाही, ज्याला सातवीनंतर अपूर्णांक आठवत नाहीत, त्याला परीक्षेची परवानगी देऊन राज्याने हात झटकले, एवढाच त्याचा अर्थ. शाळा म्हणजे फळा, बाक, शिक्षक आणि शेजारी बसलेला आपल्यासारखाच थकलेला मित्र. आपल्या बापजाद्यांना वर्गाबाहेर बसवलं होतं. आता त्याच वर्गाबाहेर बसण्याला 'मुक्त शिक्षण' म्हटलं म्हणून ते गोड लागू नये.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी करत नाही, पण तोच सर्वांत खोल आहे. जयंती उत्सव समितीच्या बैठकीत मी सुचवलं की यंदा डीजेच्या खर्चातून काही रक्कम रात्रशाळेच्या मुलांना संध्याकाळचं खाणं आणि वह्या देण्यासाठी काढू. एक दादा हळूच म्हणाले, "ताई, पण तिथं आता आपली मुलं किती आहेत?"

दादा वाईट माणूस नाही. मोर्चात माझ्या पुढे असतो. पण त्या प्रश्नाने मला त्या अधिकाऱ्याची आठवण झाली. त्यांनी विचारलं, मुलं किती. आपण विचारलं, आपली किती. दोघांचीही नजर फक्त संख्येवर.

हे खरं आहे की ज्या बौद्ध घरांना नोकऱ्या मिळाल्या, त्यांची मुलं आज रात्रशाळेत नाहीत. माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी माध्यमात जातो. हे चळवळीचं यश आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण वडिलांच्या पिढीने ज्या बाकावर बसून मॅट्रिक केलं, तो बाक रिकामा झालेला नाही. त्यावर आता मातंग आहे, मेहतर-वाल्मिकी आहे, भटका-विमुक्त आहे, मुसलमान आहे, परराज्यातून आलेला दलित आहे, आणि आपल्यातलेही अजून मागे राहिलेले आहेत. त्यांना 'आपली' म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. बाबासाहेबांचं राजकारण जर बहिष्कृतांचं होतं, तर आजचा बहिष्कृत कोण, हे रात्रशाळेचा पट आपल्याला दर संध्याकाळी सांगतो. तो वाचायचा नसेल, तर 'शिका' हा शब्द आपण फक्त कमानीवर लिहितो आहोत.

आणखी एक गोष्ट. जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम घेतो. चांगला आहे, मीही बसते. पण ज्याला अठरा तासांतले दहा तास कपबशा धुवायच्या आहेत, त्याला या उपक्रमात जागा कुठे आहे? तसंच दहावीच्या निकालाच्या दिवशी छापून येतं, 'हॉटेलात काम करून मिळवले ७० टक्के!' आपण ते कौतुकाने पुढे पाठवतो. त्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं. पण एकाच्या जिद्दीची बातमी करून आपण त्याच्या बाकावरून उठून गेलेल्या बाकीच्यांना विसरतो. व्यवस्थेला अशा बातम्या आवडतात, कारण त्यात दोष कुणाचाच नसतो.

आणि आरक्षणाचं काय? आपण पदवीच्या, परदेशी शिष्यवृत्तीच्या, प्राध्यापक भरतीच्या जागांसाठी लढतो. लढलंच पाहिजे. पण या सगळ्या दारांची पहिली किल्ली दहावीचं प्रमाणपत्र आहे. जो दहावीच्या आत गळाला, त्याच्यासाठी या जागा कागदावरच राहतात.

मग मागायचं काय?

एक. राज्यातल्या प्रत्येक रात्रशाळेचा पट दरवर्षी जात, धर्म, लिंग, वय, मूळ जिल्हा आणि काम यांनुसार जाहीर करा. मुलांची नावं नकोत, बेरजा हव्यात. परराज्यातल्या अनुसूचित जातीच्या मुलाची नोंद 'खुला' म्हणून नको, वेगळी हवी.

दोन. रात्रशाळेची तुकडी ठरवताना बाकावरची डोकी मोजू नका. त्या प्रभागात चौदा ते पंचवीस वयाचे, दहावी न झालेले किती जण आहेत ते मोजा. हजार जण शाळेबाहेर असताना तीस जण वर्गात असतील, तर दोष तिसांचा नाही.

तीन. आधार जुळला नाही किंवा दाखला हरवला म्हणून एकही मूल संचमान्यतेतून वगळू नका. दुरुस्तीचं शिबिर रात्रशाळेतच, रात्री सात वाजता लावा.

चार. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकावर, त्याला संध्याकाळी सहाला सोडायचं लेखी बंधन घाला. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. रात्रशाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संध्याकाळचं जेवण मिळालं पाहिजे.

पाच. दिवसाच्या शाळेची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांची किल्ली रात्रीच्या मुख्याध्यापकाकडेही असली पाहिजे. याला एक रुपयाही लागत नाही.

या झाल्या सरकारकडच्या मागण्या. आपलं काम वेगळं आहे आणि त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास एक वही उघडा. आपल्या गल्लीत दहावी न झालेलं कोण आहे, ते काय काम करतं, किती वाजता सुटतं आणि जवळची रात्रशाळा कोणती, हे लिहा. सगळ्या जातींचं, सगळ्या धर्मांचं लिहा. मग दोघं-तिघं मालकाकडे जा आणि सांगा, 'याला सहाला सोडा.' एकटा मुलगा गेला तर मालक ओरडतो. पाच कार्यकर्ते गेले की ऐकतो, हे मी पाहिलं आहे.

त्या मुख्याध्यापकांना मी सहा नावं दिली आहेत. पंधरा हवी होती. त्या सहांपैकी एक जण पहिल्याच आठवड्यात थांबला, कारण कँटीनवाल्याने दुसरा पोरगा ठेवायची धमकी दिली. येत्या रविवारी आम्ही चौघं त्या कँटीनवाल्याकडे जाणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी वंदनेनंतर विहारात थांबा.

जय भीम.